नदीशिवायचा नदीकाठ : खामगावची कापूसपेठ आणि उद्यानाचा प्रश्न

बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनीवर नदीकाठचे उद्यान उभारावे आणि जिथे एकेकाळी भोंग्याच्या आवाजावर माणसे धावत होती तिथे आता त्यांच्या नातवंडांनी संथपणे फिरावे, ही कल्पना गेल्या अर्धशतकात युरोप-अमेरिकेतून निघून आशियातील महानगरांपर्यंत पोहोचली असून तिला आता नगररचनेच्या पाठ्यपुस्तकात मानाचे पान मिळाले आहे. अशा भागांना अभ्यासक ‘उद्योगोत्तर’ प्रदेश म्हणतात. म्हणजे मुख्य उद्योग थांबला किंवा दुसरीकडे गेला, परंतु त्याने बांधलेल्या इमारती, रूळ, धुराडी, गोदामे आणि वस्त्या मागे राहिल्या, असा प्रदेश. बुलढाणा जिल्ह्यात अशा प्रदेशाचा शोध घ्यायचा तर अभ्यासकाची पावले प्रथम खामगावकडे वळतात आणि तिथे पोहोचताच एक अडचण उभी राहते, ती अशी की या उद्योगनगरीला उद्योगासाठी नदीची गरज कधी पडलीच नाही. त्यामुळे नदीकाठच्या उद्यानाचा बाहेरून आलेला साचा इथे कितपत बसतो आणि बसत नसेल तर फिरण्याची वाट कोणत्या रेषेवरून आखावी, या प्रश्नाचा विचार इथल्या कापसाच्या इतिहासातूनच करावा लागतो.

हा साचा जिथे तयार झाला तिथे नदी आणि कारखाना यांचे नाते थेट होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉवेल या गावी मेरिमॅक नदी धबधब्याच्या रूपाने सुमारे ३२ फूट खाली उतरते आणि या उताराची शक्ती कालव्यांतून गिरण्यांच्या पाणचक्क्यांकडे वळवून तिथे १८२३ मध्ये कापडाचे उत्पादन सुरू झाले. गिरण्या विसाव्या शतकात बंद पडल्यानंतर १९७८ मध्ये त्या कालव्यांचा आणि इमारतींचा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून सांभाळ सुरू झाला, तेव्हा फिरायला येणाऱ्याला पाण्याच्या बाजूने चालता चालताच उद्योगाची सारी कुळकथा कळत गेली, कारण पाणी हीच त्या उद्योगाची प्रेरक शक्ती होती. जर्मनीच्या रूर खोऱ्यातील एमशेर नदीची गोष्ट वेगळी आहे. खाणी आणि पोलादाच्या भट्ट्या यांचे सांडपाणी वाहून नेणारे उघडे गटार अशी तिची ओळख झाली होती. डुइसबुर्ग येथील थायसेन कंपनीची लोखंडाची भट्टी १९८५ मध्ये थंड झाल्यावर पीटर लाट्झ यांनी तिची मोडतोड न करता तिच्याभोवतीच उद्यान रचले, तिच्या मनोऱ्यावर लोकांना चढू दिले आणि जुन्या कोठारांत बगीचे फुलवले. दोन्ही ठिकाणी नदी गृहीत धरलेली आहे, एकीकडे शक्ती म्हणून आणि दुसरीकडे गटार म्हणून.

बुलढाणा जिल्ह्याची जलरेषा मुळातच निराळी आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले असून वरच्या पठारी भागाला बालाघाट किंवा नुसतेच ‘घाटावरचा’ आणि खालच्या, पूर्णा नदीच्या काळ्या मातीच्या सपाट भागाला पायनघाट किंवा ‘घाटाखालचा’ म्हणण्याची जुनी रीत आहे. घाटावरचे पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा यांच्या मार्गे गोदावरीला जाते, तर घाटाखाली नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा, मन या नद्या उत्तरेकडे धावून पूर्णेला आणि तिच्यामार्फत तापीला मिळतात. नावात ‘गंगा’ असली तरी यांतील बहुतेक नद्या पावसाळ्यात चार-दोन पूर दाखवून माघानंतर वाळूत हरवतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर वर्षभर पाणचक्की फिरवण्याचा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. त्यातच पूर्णेच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा पसरलेला आहे, म्हणजे असा प्रदेश जिथे जमिनीखालचे पाणी इतके क्षारयुक्त असते की ते पिण्याला आणि बहुतांशी शेतीलाही निरुपयोगी ठरते. शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद हे तालुके या पट्ट्याची झळ सोसतात.

नदीकाठचे जुने वस्त्रोद्योगाचे गाव पाहायचे तर घाट चढून मेहकरला जावे लागते. पैनगंगेच्या काठचे हे गाव हातमागाच्या धोतरांसाठी प्रसिद्ध होते आणि तिथले मोमीन, म्हणजे मुस्लीम विणकर, एकेकाळी इतके संपन्न होते की गावाच्या संरक्षणासाठी तटबंदी त्यांनी स्वतःच्या खर्चाने बांधली, असे जुने गॅझेटियर नोंदवते. गॅझेटियर म्हणजे एखाद्या प्रदेशाची भौगोलिक, ऐतिहासिक आणि आर्थिक माहिती देणारा सरकारी ग्रंथ. विणकरांच्या हाती तट बांधण्याइतका पैसा असावा, ही बाब आजच्या वाचकाला नवलाची वाटेल, पण आधी पेंढारी आणि दुष्काळ आणि मागाहून गिरणीचे स्वस्त कापड यांनी मेहकरची ही श्रीमंती मोडीत काढली. त्या गिरण्यांसाठी कापूस पाठवणारी पेठ मात्र घाटाखाली वाढत होती.

खामगावचा कापूसबाजार १८२०च्या सुमारास सुरू झाला. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून, लमाणांच्या तांड्यांबरोबर, सुमारे ५०० मैलांवरच्या मिर्झापूरला जात असे आणि तिथून गंगेच्या पात्रातून कलकत्त्याकडे. वाटेत पाऊस आला तर कापूस भिजायचा, धूळ बसायची, बैल मरायचे. पेस्तनजी आणि विकाजी या पारशी व्यापाऱ्यांनी १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला पाठवण्याचा प्रयोग केल्यावर पश्चिमेची वाट हळूहळू रुळली. पुढे १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) दक्षिणेकडील गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस बाजारातून एकाएकी नाहीसा केला, तेव्हा लँकेशायरच्या गिरणीमालकांची नजर ज्या थोड्या प्रदेशांवर खिळली त्यांत वऱ्हाड अग्रभागी होता. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा होता आणि बारीक सुताला तो फारसा चालत नसे, परंतु अडचणीच्या वेळी निवड करण्याची सवड कोणाला असते?

रेल्वेच्या नकाशाने पुढचे सर्व ठरवले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुंबई-नागपूर वाट मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी पूर्णेच्या सपाटीवरून गेली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, मात्र या वाटेने खामगावला दक्षिणेकडे काही मैलांवर बाजूला टाकले. बाजार सोडून स्टेशनाकडे जाण्यापेक्षा स्टेशनच बाजाराकडे आणावे, असे सरकारने ठरवले आणि जलंब ते खामगाव अशी सुमारे आठ मैलांची शाखा बांधली. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द तिच्या उद्घाटनाला खामगावी आले. या तारखेच्या आगेमागे काय घडत होते ते लक्षात घेतल्याशिवाय एवढ्याशा शाखेला एवढा मोठा पाहुणा कशासाठी, हे कळत नाही. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला होता आणि १८७० मध्येच समुद्राखालून टाकलेली तार मुंबईला पोहोचली, त्यामुळे लिव्हरपूलच्या बाजारात सकाळी काय भाव फुटला हे खामगावच्या अडत्याला, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देऊन दलाली घेणाऱ्या मध्यस्थाला, थोड्याच काळात कळू लागले. स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या फोल्कार्ट ब्रदर्स या पेढीने त्याच सुमारास इथे आपली खरेदी-एजन्सी उघडली. वऱ्हाडच्या काळ्या रानातील बोंड आणि युरोपातील चाती यांच्यामधले अंतर अशा रीतीने जवळपास एका हंगामात आटले. आणि ते आटल्यामुळे शेतकऱ्याला भाव जास्त मिळाला की भावाची चढउतार जास्त सोसावी लागली, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही, जरी वऱ्हाडातील कर्जबाजारीपणाचा पुढचा इतिहास पाहता दुसऱ्या पक्षाचे पारडे जड वाटते.

त्यानंतर खामगावात वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस उभे राहिले. शेतातून येतो तो कच्चा कापूस, त्यात बी म्हणजे सरकी असते. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला आणि त्या यंत्रांच्या कारखान्यालाही बोलीभाषेत ‘जिन’ म्हणतात. वऱ्हाडच्या आखूड धाग्यासाठी रोलर जिन सोयीचे ठरले, कारण त्यात कातडी रूळ आणि पाते यांच्या फटीतून तंतू ओढला जातो आणि सरकी मागे राहते, धागा तुटत नाही. सरकी निघाल्यावर उरते ती रुई, आणि ती प्रेसमध्ये दाबून, पट्ट्यांनी आवळून तिची गाठ बांधली जाते. मुंबई बाजाराची जुनी गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोची होती. आजची प्रमाण गाठ १७० किलोची आहे. सैल गाठी मुंबईला नेऊन तिथे पुन्हा दाबाव्या लागत, तर खामगावच्या वाफेच्या प्रेसमधून निघालेली गाठ थेट जहाजावर चढवता येत असे, त्यामुळे तेवढ्याच डब्यात जास्त माल मावू लागला. रूळ आणि प्रेस यांचा एवढा घट्ट संबंध असल्यामुळे कारखान्यांची जागा ओढ्याच्या वळणाने ठरली नाही, ती मालधक्क्यापासूनच्या अंतराने ठरली. बॉयलरला पाणी लागे खरे, पण तेवढ्यासाठी आवारातील विहीर आणि हौद पुरेसे होते. गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी ब्रिटिश काळात जनुना येथे तलाव बांधावा लागला, यावरून नदीने या गावाला किती हात दिला असेल याची कल्पना येते.

१९०१ च्या जनगणनेत खामगावची लोकसंख्या १८,३४१ होती आणि १९०५ मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा हा तालुका अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाणा जिल्ह्याला जोडण्यात आला. डोंगरावरच्या थंड हवेच्या प्रशासकीय गावाला घाटाखालची पैसा मिळवणारी पेठ अशी जोडून मिळाली, आणि जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा पण सर्वांत मोठे शहर खामगाव ही आजची स्थिती तिथूनच सुरू झाली.

जिनाच्या आवारात काम करणाऱ्यांचा इतिहास इमारतींपेक्षा कमी जपला गेला आहे. जिनातील काम हंगामी होते; दिवाळीच्या आसपास कापूस उतरू लागला की भोंगा वाजायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी आवार पुन्हा ओस पडायचे. जिनाला कापूस घालण्याचे, सरकी उचलण्याचे आणि रुई निवडण्याचे काम प्रामुख्याने बायका करत असत, त्या बहुधा आसपासच्या खेड्यांतील भूमिहीन कुटुंबांतल्या असत आणि त्यांच्याबरोबर मुलेही असत. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८८१ चा पहिला कारखाना कायदा वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता, म्हणजे ज्या कारखान्यांत कामाचे तास सर्वांत बेबंद होते नेमके तेच कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. शेजारच्या खानदेशातील जिनांमध्ये पहाटेपासून रात्रीपर्यंत, तर कधी रात्रंदिवस पाळी चालत असल्याच्या तक्रारी सरकारी चौकशी आयोगापुढे आल्या होत्या. वऱ्हाड तर तांत्रिकदृष्ट्या ब्रिटिश हिंदुस्थानाचा भागही नव्हता, त्यामुळे इथे कोणता कायदा केव्हा लावायचा हे सरकारी जाहीरनाम्यावर अवलंबून असे. नाकातोंडात जाणारी रुईची धूळ, त्यातून जडणारा दमा आणि एका ठिणगीने पेटणारे ढीग ही या कामाची नित्याची भीती होती. कापसाच्या वैभवाचे स्मारक करायचे म्हटले की व्हाइसरॉयची तारीख कोरली जाते आणि या बायकांच्या कामाचा उल्लेख राहून जातो, हे बहुतेक वारसा-फलकांचे दुखणे आहे.

बाजाराची व्यवस्था मात्र वऱ्हाडाने इतर प्रांतांच्या आधी बसवली. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने बाजार समिती, परवानाधारक तोलारी आणि ठरलेली दलाली ही चौकट घालून दिली. पुढे देशभरातील कृषी उत्पन्न बाजार समित्यांच्या कायद्यांना हाच नमुना मिळाला. यातून एक अशी मोकळी जागा निर्माण झाली जिच्यावर कोणा एकाची मालकी नव्हती: बैलगाड्यांची रांग, लिलावाची गर्दी, हमालांचा विडीचा विसावा, कडब्याचा आणि चहाचा धंदा हे सारे तिथे एकत्र नांदत असे. वऱ्हाडी गावातला सार्वजनिक अवकाश शोधायचा तर तो नदीच्या घाटापेक्षा या बाजारपटांगणात अधिक सापडतो.

ही पेठ एका दिवसात बंद पडली नाही, त्यामुळे इथे लॉवेलसारखी टाळे लागल्याची एकच तारीख सांगता येत नाही. १९७२ मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली, म्हणजे शेतकऱ्याचा कापूस फक्त पणन महासंघाने घ्यायचा, आणि तीन दशके खासगी जिन या महासंघाच्या कंत्राटावर चालले. योजना विरत गेली, त्याच सुमारास म्हणजे २००० मध्ये केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, त्यातून यांत्रिक वाहकपट्टे असलेले नवे जिन हायवेलगत उभे राहिले आणि गावातील जुनी आवारे मागे पडली. दरम्यान शेतातही बदल झाला होता. अनेकांनी कापूस कमी करून सोयाबीन लावले, आणि सोयाबीनला जिन लागत नाही. अशा आवारांचे पुढे काय होते हे वऱ्हाडातील कोणत्याही कापूसगावात दिसते: काहींत गोदामे, काहींत मंगल कार्यालये, काहींत दुकानांचे गाळे, आणि जिथे वारसांचा वाद आहे तिथे बाभूळ. वादाने एवढे मात्र केले की काही धुराडी पाडायची राहून गेली.

अशा गावात उद्यान आखायचे झाले तर सध्या सर्वांत सुलभ नमुना अहमदाबादचा आहे, आणि तो तपासून पाहणे गरजेचे आहे, कारण अहमदाबादही कापसाचेच शहर. तिथली पहिली यशस्वी गिरणी १८६१ मध्ये सुरू झाली, गिरण्या १९८० नंतरच्या दोन दशकांत कोसळल्या आणि साबरमतीचा रिव्हरफ्रंट, म्हणजे काँक्रीटच्या भिंतींनी बांधून काढलेला नदीकाठ, २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला. त्यापूर्वी साबरमती वर्षातील बराच काळ कोरडी असे, तिच्या पात्रात भाजीचे वाफे असत, धोबीघाट असत, रविवारी गुजरी बाजार भरे. आता पात्राची रुंदी एकसारखी करून त्यात नर्मदेच्या कालव्याचे पाणी साठवले जाते आणि काठच्या झोपड्यांतील हजारो कुटुंबे शहराच्या कडेला गेली आहेत. फिरणाऱ्याला तिथे पाणी दिसते, पण गिरणी दिसत नाही. खारपाणपट्ट्याला लागून असलेल्या आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याने हा नमुना उचलायचा ठरवला, तर शोभेसाठी साठवलेले पाणी कोणाच्या वाट्याचे, हा प्रश्न पहिल्याच पाणीटंचाईत विचारला जाईल.

जिल्ह्यात जलाशयाभोवतीचे मोठे उद्यान झालेलेच नाही असे नव्हे. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाने उभारलेले आनंदसागर हे त्याचे ठळक उदाहरण: बांधीव तलाव, त्याच्या मध्यावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाची आठवण देणारे ध्यानकेंद्र, दाट झाडी आणि मुलांसाठी छोटी आगगाडी. संस्थानाची शिस्त आणि स्वच्छता यांचे कौतुक सर्वत्र होते आणि ते योग्यच आहे, पण ते उद्यान भाविकाच्या वाटेवरचे आहे, त्याचा भूमीच्या श्रमेतिहासाशी संबंध नाही, आणि असावा अशी अपेक्षाही नाही. त्या खेळण्यातल्या गाडीच्या तिकिटासाठी मुले रांग लावत असताना थोड्याच अंतरावर, वऱ्हाडच्या कापसासाठी मुद्दाम बांधलेली खरी जलंब-खामगाव रेल्वेशाखा मोजक्या फेऱ्यांवर गुजराण करत होती, ही विसंगती मात्र नोंदवण्यासारखी आहे.

नदीचा आग्रहच धरायचा असेल, तर मलकापूर हे अधिक जवळचे उदाहरण ठरेल, कारण नळगंगा या गावाला लागून वाहते आणि मुख्य रेल्वेमार्गामुळे इथेही जिन-प्रेसचा धंदा वाढला. तथापि वरच्या बाजूला मोताळा तालुक्यात नळगंगेवर धरण असल्यामुळे खाली येणारा प्रवाह बहुतांश काळ नावापुरता असतो. ज्या जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले आणि नदीपात्र यांच्या खोलीकरणातून काढण्याची पद्धत रुजली, आणि ती ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने देशभर गाजली, त्या जिल्ह्यात नदीकाठ ही खोदकामाच्या यंत्राने वर्षभरात बदलून जाणारी वस्तू आहे. खोलीकरणाने पाणी मुरते, हे खरे. पण उभी कापलेली दरड म्हणजे चालण्याजोगा काठ नव्हे. काठाचा उतार सौम्य ठेवणे आणि त्यावर करंज, उंबर, जांभूळ यांसारखी झाडे लावणे हे खोदणाऱ्याच्या कंत्राटातच असेल तर वेगळ्या उद्यानाच्या खर्चाची गरज बरीच कमी होईल.

खामगावात मात्र वाट वेगळ्या रेषेने जायला हवी, आणि ती रेषा कापसाने आधीच आखून ठेवली आहे: शेतातून बाजारात, बाजारातून जिनात, जिनातून मालधक्क्यावर. ही सारी टोके एकमेकांना जोडणारी, सावलीची, बसायला कट्टे असलेली पायवाट झाली, तिच्यावर एखादा जिन यंत्रासह जपला गेला, तोलकाट्याजवळ खंडीचा आणि क्विंटलचा हिशेब मांडून दाखवला आणि बायकांच्या पाळीचे तास भिंतीवर लिहिले, तर चालणाऱ्याला लॉवेलच्या कालव्याइतकीच सलग कथा वाचता येईल. हिरवळीचा गालिचा, कारंजे आणि गावाच्या नावाची प्लास्टिकची मोठी अक्षरे यांचा जो संच आजकाल प्रत्येक नगरपरिषदेला हवा असतो त्यापेक्षा या वाटेला पाणी कमी लागेल. वैशाखातल्या उन्हात हिरवळ जगवण्याचा खटाटोप करणाऱ्या माळ्याला हे वेगळे सांगायला नको. शिवाय फिरण्याचा हंगाम आणि कापसाचा हंगाम इथे एकच आहे, दिवाळी ते होळी. त्या दिवसांत बाजारात माल येतच असतो, त्यामुळे हे उद्यान मृत उद्योगाचे स्मारक होणार नाही, उरलेल्या धंद्याच्या कडेने ते चालू राहील, आणि हमालाला आपल्याच गावात पाहुणा होण्याची वेळ येणार नाही.

अडचण जमिनीच्या मालकीची आहे. रुळाची पट्टी रेल्वेची, पटांगण बाजार समितीचे, रस्ता नगरपरिषदेचा आणि जिन खासगी. या चौघांना एका नकाशावर आणणे हे झाडे लावण्यापेक्षा अवघड काम आहे. त्यात खामगाव-जालना रेल्वेमार्गाची शतकभर जुनी मागणी पुढे सरकली, तर आजवर जिथे रूळ संपत होते ते स्टेशन वाटेवरचे स्टेशन होईल, नव्या मार्गाला जागा लागेल आणि स्टेशनलगतच्या जुन्या आवारांचे भाव पूर्वी कधी नव्हते एवढे चढतील. त्यामुळे कोणत्या आवाराची भिंत राहावी, कोणते धुराडे पाडू नये आणि मालधक्क्याकडे जाणारी वाट किती रुंद असावी, हे शहराच्या विकास आराखड्यात त्या मार्गाच्या भूसंपादनाच्या आधी नोंदवले गेले पाहिजे. नंतर नोंदवायला तिथे केवळ गाळ्यांचे क्रमांक उरतील.